जत्रेतल्या कबड्डीतून व्यावसायिक संघासाठी पोरगं कसं हेरावं

सुगी आटोपून शिवारं मोकळी झाली की खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या गावांत कबड्डीचे फलक लागतात. वजनी गट, खुला गट, रात्री प्रकाशझोतात सामने, अंतिम सामन्याला कधी पहाट. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली आणि २०१९च्या लिलावात शेजारच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाई या चढाईपटूला १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. आता मैदानाच्या कडेला कोणी ना कोणी पोरं हेरत उभा असतोच. बहुतेक जण गुणफलक बघतात आणि खांदे बघतात. दोन्ही फसवतात. लीगचे संघ लिलावाबाहेरही ‘न्यू यंग प्लेअर’ म्हणून कोवळ्या खेळाडूंशी करार करतात. त्या दारापर्यंत पोरगं न्यायचं तर त्याच्या रिकाम्या (गुण न आणलेल्या) चढाया, त्याचे पाय आणि त्याचे कागद नीट बघा.

पहिली गोष्ट उभं राहण्याच्या जागेची. पंचांच्या टेबलाजवळ उभं राहिलं की मंडळाची माणसं कानाशी बोलत राहतात, आणि पायही दिसत नाहीत. अंतिम रेषेच्या मागं, कोपऱ्याच्या बाजूला, ट्रॉलीवर किंवा ओट्यावर जागा धरा. एका सामन्यावर मत बनवू नका. किमान तीन सामने बघा, त्यांतला एक वजनी गटातला, एक खुल्या गटातला आणि एक मॅटवरचा हवा. तिन्हींपैकी एकात तरी त्याचा संघ मागं पडलेला असावा. लोण चढल्यावर, म्हणजे सगळा संघ बाद झाल्यावर, पोरगं कसं खेळतं, ते जिंकत्या सामन्यात कळत नाही.

वही कशी भरायची

प्रत्येक चढाईला एक अक्षर लिहा: ‘ट’ म्हणजे स्पर्शाचा गुण, ‘बो’ बोनस (बोनस रेषेपलीकडं पाय टेकवून मिळणारा गुण), ‘रि’ रिकामी, ‘बा’ पकड झाली. अक्षराशेजारी समोर किती रक्षक होते तो आकडा. आधीच्या दोन रिकाम्या गेल्यामुळं गुण आणणं भाग असलेली तिसरी चढाई असेल तर अक्षराभोवती गोल.

समजा एका पोरानं १८ चढाया केल्या: ५ ट, ४ बो, ६ रि, ३ बा. गुण ९. दुसऱ्यानं १२ केल्या: ६ ट, ४ रि, २ बा. गुण ६. गाव पहिल्याला खांद्यावर घेईल. पण बोनस बाजूला ठेवला तर पहिल्याचे स्पर्श १८ चढायांत ५, म्हणजे २८ टक्के. दुसऱ्याचे १२ मध्ये ६, सरळ निम्मे. आता आकडे बघा. दुसऱ्याचे स्पर्श ट६, ट७ असे असतील तर तो भरल्या मैदानातून, रक्षकांची हातात हात धरलेली साखळी पुरी असताना गुण घेऊन येतोय. ट२, ट३ असतील तर त्याला पळायला मोकळी जागा होती, एवढाच त्याचा अर्थ.

बोनस बाजूला काढायचं कारण आहे. समोर सहा किंवा सातही रक्षक असताना पुढचा पाय बोनस रेषेपलीकडं टेकतो त्या क्षणी मागचा पाय हवेत असावा लागतो. गावच्या सामन्यात मागचा पाय जमिनीला घासत असला तरी बोनस मिळून जातो. मोठ्या सामन्यात पंच तो देत नाहीत. म्हणून बोनस पडला की तुम्ही स्वतः मागचा पाय बघा आणि खरा असेल तरच ‘बो’ लिहा. खरा बोनस घेणारा पोरगा मोलाचा असतो, त्याच्यापुढं वेगळी खूण करा.

सगळ्यात जास्त माहिती ‘रि’ देतो. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा (रिकाम्या चढाईत ओलांडावीच लागते ती) ३.७५ मीटरवर, बोनस रेषा त्यापुढं १ मीटरवर. चढाईला ३० सेकंद. कच्चा पोरगा निदान रेषा कशीबशी ओलांडतो आणि उरलेला वेळ मध्यरेषेजवळ हात हलवत काढतो. चांगला पोरगा रिकाम्या चढाईतही काम करतो: एका कोपऱ्याला दोनदा खोटा इशारा देतो, कव्हर (कोपऱ्याच्या आतल्या बाजूचा रक्षक) किती पुढं येतो ते जोखतो, आणि पुढच्या चढाईत तिथंच शिरतो. लागोपाठच्या दोन चढाया जोडून बघा. दुसरीत पहिलीचा उपयोग दिसला तर त्या पोराला डोकं आहे, आणि डोकं शिबिरात शिकवून येत नाही.

पाय

चढाई करताना त्याच्या टाचा बघा. वजन चवड्यावर आणि गुडघे वाकलेले असतील तर तो दोन्हीकडं वळू शकतो. टाच टेकून उभा राहणारा पोरगा पकड आल्यावर आधी उठतो आणि मग पळतो. तेवढ्यात घोटा गेलेला असतो. दुसरी खोड म्हणजे पायावर पाय ओलांडून सरकणं. मातीत ती खपते, मॅटवर तिथंच घोटा पकड बसते. तिसरी म्हणजे परतताना पाठ करून पळणं. मध्यरेषेकडं येतानाही नजर मागच्या कोपऱ्यावर असावी. खोडी सुटतात. बाद होऊन आल्यावर पुढच्या चढाईत पाय आखडले तर मात्र काळजी करा.

पकड करणारे

गावात बघे चढाईपटूला डोक्यावर घेतात. त्यामुळं चांगले कोपरारक्षक नजरेआड राहतात आणि हेरणाऱ्याला तिथंच खाण सापडते. प्रत्येक पकडीचा प्रयत्न लिहा, फसलेला वेगळा. घाईची पकड ही तरुण रक्षकाची मोठी खोट: चढाईपटूनं हात पुढं केला की तो झेपावतो. नीट रक्षक थांबतो. चढाईपटूचं वजन पुढच्या पायावर गेलं किंवा तो परतायला वळला, तेव्हाच दोन्ही हात घोट्यावर पडतात.

डोकं कुठं आहे ते अवश्य बघा. डोकं चढाईपटूच्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला हवं. गुडघ्यासमोर डोकं घालणारा पोरगा आज टाळ्या घेतो, पण उद्या मान दुखावून घेतो. ती सवय मोडल्याशिवाय त्याचं नाव पुढं पाठवू नका. तीन किंवा कमी रक्षक उरले असताना पकड केली तर दोन गुण मिळतात. त्या वेळी कोण पुढं होतो आणि कोण मागं सरकतो, हेही टिपा.

वजन आणि वय

वजनी गट हा सीमाभागातल्या कबड्डीचा जीव आहे, आणि हेरणाऱ्याला चकवतोही तोच. ६४ किलोचा पोरगा ६० किलोच्या गटात बसायला दोन दिवस पाणी तोडतो, स्वेटर घालून पळतो, काट्यावर उतरतो आणि रात्री खेळतो. दुसऱ्या सामन्याच्या उत्तरार्धात त्याचे पाय जड पडतात. ते बघून ‘दम नाही’ असं लिहू नका. आठ दिवसांनी सकाळी, उपाशीपोटी, डिजिटल काट्यावर त्याचं वजन करा आणि मग खुल्या गटात बघा. ऊसतोडीच्या दिवसांत निपाणी-चिकोडीकडची काही पोरं दिवसभर फडात असतात, हेही विचारून घ्या.

उलट फसगत अशी: १५ वर्षांच्या गटात मिसरूड फुटलेला, भरलेला पोरगा सगळ्यांना उचलून टाकतो. तीन वर्षांनी बाकीचे त्याच्याएवढे होतात आणि त्याच्याकडं ताकदीशिवाय काही उरत नाही. आई-वडिलांची उंची बघा, पायाचा नंबर विचारा, वर्षात पँट किती आखूड झाली ते विचारा. अजून वाढत असलेला, बारीक, पण पाय चलाख असलेला पोरगा आधी निवडा.

मॅट आणि सांधे

खानापूरकडच्या तांबड्या मातीत पाय थोडा सरकतो. मॅटवर बूट घट्ट धरतो, आणि वळताना सगळा पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून पहिल्याच दिवशी मॅटवर सामना लावू नका. अर्धा तास नुसतं पाय सरकवणं, थांबणं, वळणं करून घ्या. एका पायावर लागोपाठ तीन उड्या मारायला लावून अंतर मोजा, मग दुसऱ्या पायावर. दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर जुनी दुखापत विचारा. पोरं निवड हुकेल म्हणून लपवतात. स्टुलावरून खाली उडी मारताना गुडघे आत वळत असतील तर आधी मांड्या आणि कंबर बळकट करून घ्या.

गल्लीतल्या जिममधली सुटी पावडर घेतो का, तेही विचारा. उत्तेजक चाचणीत सापडला तर बंदी पोरावर येते, पावडर विकणाऱ्यावर नाही.

कागद आणि घर

गुणवान पोरगं कागदावर अडकलेलं बघणं फार वाईट. घरी गेल्यावर चहाच्या आधी म्हणा, “मामा, जन्माचा दाखला, आधार आणि दहावीचं मार्क्सकार्ड तेवढं काढा बघू.” तिन्ही शेजारी ठेवून वाचा. एकावर परशराम, दुसऱ्यावर परशुराम. एकीकडं आडनाव पुढं, दुसरीकडं मागं. वडिलांचं नाव कुठं नुसतं आद्याक्षर. कन्नड नोंदीवरून इंग्रजी करताना हे होतं. चाचणीच्या आधी दुरुस्ती करून घ्या, कारण तिला वेळ लागतो. जन्मतारखेत वर्षाचा फरक असेल तर तिथंच थांबा आणि खरी तारीख कोणती ते शाळेच्या नोंदवहीतून काढा. पोरगा जत्रेत चंदगडच्या संघातून खेळत असला तरी एका हंगामात दोन्ही राज्यांच्या निवड चाचण्यांना उभा करू नका. कर्नाटक की महाराष्ट्र, ते आधी घरच्यांबरोबर ठरवा.

घरच्यांकडून एक रुपयाही घेऊ नका. निवडीसाठी फी मागणारा कोणी आला तर त्याला चौकटीबाहेरूनच परत पाठवायला सांगा. पोरगा १८च्या आत असेल तर सही पालकांची, आणि कागद मराठीत वाचून दाखवल्यावरच.

प्रशिक्षकाला पाठवायचा अहवाल एक पान पुरे: उंची, वजन कोणत्या दिवशी केलं, खेळायची जागा, तीन सामन्यांचे आकडे, दोन खोडी. सोबत फोन आडवा धरून, अंतिम रेषेमागून काढलेलं चित्रण. त्यात सलग दहा चढाया असू द्या, रिकाम्या आणि बाद झालेल्याही. नुसत्या गुणांच्या तुकड्यांवरून जाणता प्रशिक्षक काही ठरवत नाही.

नकार आला तर त्याच आठवड्यात घरी जाऊन कारण सांगा: “पाय चांगलं हाईत, वजन पाच किलो कमी पडतंय, दिवाळीनंतर परत बघतो.” आणि ती तारीख वहीत त्याच्या नावापुढं लिहा.