गाठीची सुईची तपासणी: निघण्याआधी काय काय तयार ठेवावं

मानेत, काखेत किंवा स्तनात गाठ लागली आणि डॉक्टरांनी एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं, लिहून दिली, की घरात पहिला प्रश्न येतो, उपाशी जायचं का? हाताला लागणाऱ्या गाठीसाठी नाही. नाश्ता करून जा. सुई साधारण 22 ते 25 गेजची, म्हणजे बारीकच असते आणि बहुतेक वेळा भूलही लागत नाही. पोटातल्या किंवा फुप्फुसातल्या गाठीची तपासणी सोनोग्राफी-सीटीवर पाहून करतात. तिचे नियम वेगळे, ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

चालू असलेली सगळी औषधं पिशवीत भरून न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टिरॉइड घेतलं असेल तर तेही सांगा, कारण लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) असल्यास त्यामुळे पेशींचं चित्र बदलतं आणि निदान हुकू शकतं.

आधी कुठे सुईची तपासणी झाली असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही, पेशी पसरलेल्या काचपट्ट्या, म्हणजे स्लाइड, मागून घ्या. परळच्या टाटा मेमोरियलला दाखवायचं झालं तरी जुन्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) मागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त राहून जाणारं: आजाराची हकीकत. ती एका कागदावर लिहून न्या. गाठ कधीपासून आहे, वाढते आहे का, ताप येतो का, वजन घटलं का, घरात कुणाला टीबी होता का. फॉर्मवर नुसतं ‘मानेत गाठ’ असेल तर तपासणाऱ्याच्या हाती फक्त पेशी उरतात. समजा, लहान मुलाच्या डोक्याच्या हाडावर मऊ गाठ आहे. काचेवर घडी पडलेल्या केंद्रकांच्या मोठ्या पेशी आणि भोवती इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दिसतात. त्याच वेळी आईने सांगितलं, की कान सारखा वाहतो, पोर रात्रीही उठून पाणी पितं आणि सारखं लघवीला जातं, तर लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिससारख्या दुर्मिळ आजाराचा संशय पक्का होत जातो आणि पुढच्या चाचण्या त्या दिशेने लागतात. क्षुल्लक वाटणारी तक्रार म्हणूनच गाळू नका.

गाठीतून पू आला तर तो फेकू देऊ नका. सीबीनॅटसाठी, म्हणजे टीबीच्या जंतूच्या चाचणीसाठी, पाठवायचा का, हे तिथल्या तिथे विचारा. थायरॉइडची गाठ असेल तर सुई आत असताना आवंढा गिळू नका, बोलू नका. दोन-तीनदा टोचावं लागलं तर घाबरू नका, पुरेशा पेशी मिळवायच्या असतात. लघवीची सायटॉलॉजी (लघवीतल्या पेशींची तपासणी) सांगितली असेल तर सकाळची पहिली लघवी देऊ नका, रात्रभर मूत्राशयात राहून पेशी खराब झालेल्या असतात.

रिपोर्टवर ‘नॉन-डायग्नॉस्टिक’ आलं तर त्याचा अर्थ कॅन्सर नाही असा होत नाही. पेशी पुरल्या नाहीत, एवढाच होतो. थायरॉइडच्या काही गाठींत सुई निकाल देऊच शकत नाही, कारण पेशी गाठीचं आवरण भेदून बाहेर गेल्या का, हे ऑपरेशननंतरच कळतं. पुन्हा बोलावणं येऊ शकतं, तेव्हा फॉर्मवर चालू असलेला मोबाइल नंबर स्वतः तपासून लिहा.