दादाच्या दुबईतल्या स्नो स्लोपसाठी तयारीची यादी

दादा, काल फोनवर म्हणालास यादी पाठव, बॅग भरून टाकतो. बॅगेचं शेवटी बघू रे, बॅग भरायला अर्धा तास लागतो. खरी तयारी आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात करायचीये आणि आजपासून धरली तर तुझ्या हातात सात आठवडे आहेत. दुबईला ताईकडे माझ्या वर्षाला तीन-चार चकरा होतातच, आता अकराव्यांदा त्या स्कीइंगच्या स्लोपवर जाणारे, आणि त्यातल्या पहिल्या तीन वेळा मी पैसे भरून नुसती वरून खाली घसरत आले, सुधारणा शून्य, म्हणून हे एवढं लिहितेय.

आधी जागेचा अंदाज घे. मॉल ऑफ द एमिरेट्समधलं स्की दुबई, 2005 ला सुरू झालं, आत पाच रन, म्हणजे घसरायचे उतार, आहेत आणि त्यातला सगळ्यात लांब 400 मीटरचा. म्हणजे आपल्या कॉलनीच्या गेटपासून वाण्याच्या दुकानापर्यंत, एवढंच. वरून खाली यायला तुला पाऊण-एक मिनिट लागेल, मग लिफ्टची रांग, खुर्चीत बसून वर जाणं, वर पोचून ग्लोव्हज नीट करणं, यात पाच-सहा मिनिटं जातात. दोन तासांच्या पासमध्ये फार तर वीस चकरा. आता तू हिशोबात पक्का आहेस तर गुणाकार कर, दोन तासात प्रत्यक्ष स्कीइंग किती होतं? पंधरा-वीस मिनिटं! म्हणून तिथे जाताना डॉक्टरकडे जातो तसं एकच दुखणं घेऊन जायचं. सगळं एकदम सुधारायला गेलास की काहीच हाती लागत नाही, माझा तीन ट्रिपांचा अनुभव आहे.

तुझं दुखणं मला माहितीये. फेब्रुवारीत गुलमर्गला काढलेला तुझा व्हिडिओ परत बघ, वहिनीच्या फोनमध्ये आहे. तू खुर्चीत टेकल्यासारखा मागे बसतोस. उतार दिसला की माणूस मागे रेलतोच, सगळेच रेलतात, पण मागे रेललं की स्कीच्या पुढच्या भागावर वजनच राहत नाही, मग ती वळत नाही, मग तू खांद्याने ओढून वळवायला जातोस आणि संध्याकाळी मांड्या पेटतात. आणि माझं दुखणं असं की डावीकडे वळणं झकास होतं पण उजवीकडे वळताना बोंब. उजवीकडे वळताना बाहेरची स्की डावी असते आणि वजन तिच्यावर पडायला हवं, मी मात्र घाबरून आत डोंगराकडे झुकते. हे मला स्लोपवर कळलंच नव्हतं. इथे गंगापूर रोडच्या घरी एकदा दात घासताना सहज डाव्या पायावर उभी राहिले तर दहापर्यंत मोजायच्या आत बेसिन धरावं लागलं, उजव्या पायावर आरामात मिनिटभर. मग डोक्यात प्रकाश पडला की स्कीला शिव्या घालण्यात अर्थ नाही, तो पाय कॉलेजात गाडीवरून पडले तेव्हापासूनच लेचापेचा आहे.

तर रोजचं काम असं. दात घासताना एका पायावर, सकाळी डावा, रात्री उजवा, आठवड्याने जमायला लागलं की डोळे मिटून. भिंतीपुढे बोटं एक वीत मागे ठेवून उभं राहायचं आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, तुझा टेकणार नाही, मग पाय जवळ घे, टेकला की हळूहळू मागे ने. हे घोट्याचं वाकणं आहे आणि बुटात पुढे झुकणं सगळं घोट्यातूनच येतं, तुझं मागे बसणं निम्मं तिथेच सुटेल. मग जिना. चढण्याचं कौतुक नको, उतरायचंय, एका पायरीवर उभं राहून दुसरा पाय चार मोजत खाली न्यायचा, धपकन टाकायचा नाही, गुडघा आत वळू द्यायचा नाही. दोन्ही बाजूंनी दहा-दहा. शेजारच्या काकू विचारतील काय चाललंय म्हणून, सांग गुडघ्याची ट्रीटमेंट. रविवारी पांडवलेणी, वर कसाही जा, गप्पा मारत जा, पण उतरताना तेच हळू उतरणं. मी मागच्या महिन्यात रामशेजला गेले होते, खाली आल्यावर मांड्या थरथरत होत्या, तसं झालं म्हणजे बरोबर चाललंय समज. गोल्फ क्लबवर चार राउंड मारून खूश होऊ नकोस, सपाटीवर चालून स्कीइंगचे स्नायू तयार होत नाहीत. आणि हे सगळं करताना गुडघा दुखला, म्हणजे थकून नाही, खरंच आत दुखला, तर थांबायचं आणि आधी दाखवून घ्यायचं. स्कीइंगमध्ये सगळ्यात जास्त गुडघेच जातात, स्की एकीकडे अडकते आणि अंग दुसरीकडे फिरतं.

आता बूट. याच्यावर मी जरा जास्त बोलणारे कारण माझा पहिला दिवस बुटाने खाल्ला. आईने 'बर्फात थंडी बाधेल' म्हणून लोकरीचे दोन-दोन मोजे घालायला लावले होते, दोन मोज्यांमुळे पाय फुगला म्हणून एक साइज मोठा बूट घेतला, मोठ्या बुटात टाच उचलायला लागली म्हणून बकल करकचून आवळले. अर्ध्या तासात पावलाला मुंग्या, तळपायात गोळा, आणि घरी येऊन बघितलं तर उजव्या अंगठ्याचं नख जांभळं, नडगीवर मोज्याच्या वळीचा लालभडक पट्टा उठलेला. नख पुढे तीन महिने काळं राहिलं. थंडी मात्र खरंच वाजली, कारण आवळल्यावर रक्तच पोचत नव्हतं. तर एकच मोजा, पातळ, गुडघ्यापर्यंत येणारा, स्कीचा म्हणून वेगळा मिळतो तो ऑनलाइन मागव, आणि थर्मलची पँट बुटाच्या आत कोंबायची नाही, मोजा नडगीवर एकटाच, वळी न पडता. बूट घातल्यावर सरळ उभं राहायचं, बोटं पुढे निसटती लागली पाहिजेत, मग गुडघे पुढे वाकवायचे, बोटं मागे सरकून मोकळी झाली पाहिजेत आणि टाच खाली बसलेली राहिली पाहिजे. मग टाच आपटून मागे बसवायची, आधी घोट्यावरचं बकल, मग वरची, पावलावरची सैलच. भाड्याच्या काउंटरवर मागे रांग असते म्हणून लोक लाजतात, लाजायचं नाही, चार जोड बदलून माग. तू बुटाच्या जिभेला नडगी टेकवून उभा राहिलास ना, की अर्धं स्कीइंग तिथेच झालं.

स्की घेताना तुझा धंदा कामाला येईल. अंबडच्या शॉपमध्ये टूल बिट बघतोस तसंच बघ, स्कीच्या दोन्ही कडांना लोखंडी एज असते, नखाची पाठ तिच्यावर आडवी हलकेच ओढायची, नखाचा भुगा निघाला तर धार आहे, नुसतं घसरलं तर बोथट. बोटाने लांबीला तपासू नकोस, बर, म्हणजे धातूची खरखरीत कूस, आली असेल तर कापतं. आतला बर्फ दाबून दाबून घट्ट झालेला असतो, त्यावर बोथट एज धरत नाही, आणि माणसाला वाटतं आपलंच चुकतंय. उंची तुझ्या हनुवटीपासून नाकापर्यंत बास, लांब स्कीचा मोह नको. फॉर्मवर वजन, उंची, वय विचारतात त्याचं कारण आहे, पडल्यावर बूट स्कीतून किती जोरात सुटायला हवा तो आकडा त्यावरून, बुटाच्या तळाच्या लांबीवरून आणि तू किती शिकलेला आहेस त्यावरून लावतात. तेव्हा वजन खरं लिही, वहिनीसमोर सांगतोस ते नको. आणि 'एक्स्पर्ट' वर टिक करू नकोस.

मेन स्लोपवर सोडायच्या आधी तिथे वळणं जोडता येणं, वेग आवरणं, थांबणं आणि चेअरलिफ्टवर चढणं-उतरणं एवढं यावं लागतं. तुझा स्नोप्लाव, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणून वेग आवरणं, त्यात जेमतेम बसेल, म्हणून पहिल्या दिवशी तासभर इन्स्ट्रक्टर घेच, आणि त्याला 'शिकवा' एवढंच मोघम सांगू नकोस, मी मागे बसतो ते बघा असं सांग. मग पुढे आपण दोघं. पहिल्या तीन चकरा नुसत्या अंग मोकळं करायला. मग दोन्ही पोल, म्हणजे हातातल्या काठ्या, आडवे, दोन्ही हातांवर, आरतीचं ताट धरतोस तसे समोर. ताट खालच्या दिशेला राहिलं पाहिजे आणि निरांजन विझता कामा नये, म्हणजे पोल तिरके व्हायचे नाहीत, हलायचे नाहीत. वळण पायांनी, ताट शांत. सगळ्या ड्रिलमध्ये मला हेच मानवलं. त्यानंतर साइडस्लिप, उताराला आडवं उभं राहून घोटे थोडे सैल केले की घसरतो, कड लावली की थांबतो, दोन्ही बाजूंनी, तुझी एक बाजू नक्की वाईट निघणार. मग वळताना आतल्या स्कीची शेपटी जराशी उचलायची, उचलता आली तर वजन बाहेरच्या पायावर आहे, नाही आली तर माझ्यासारखं. शेवटच्या पाच चकरा काही विचार न करता, मजा म्हणून. आणि 'अजून एक शेवटची' ही चक्कर मारायची नाही, थकल्यावरच माणूस पडतो.

शक्यतो सोमवार ते शुक्रवार सकाळी जाऊ, तिकडे सुट्टी शनिवार-रविवार असते आणि तेव्हा पोरांची झुंबड. सकाळी बर्फ नुकताच सारखा केलेला असतो, संध्याकाळपर्यंत वरचा थर गोळेवाल्याच्या किसासारखा सुटून जागोजागी ढीग होतात आणि मधे मधे घासून चकचकीत पट्टे पडतात. अर्थात त्या ढिगांवर एकदा तरी जायचं, कारण गुलमर्गला दुपारनंतर असंच असतं.

व्हिडिओ खालून काढायचे, मी तुझे काढीन, तू माझे. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेव. आत उणे एक-दोन असतं, निफाड गारठलं की पेपरात फोटो येतो त्याहूनही कमी, पण वारा नाही, ऊन नाही, त्यामुळे फार कपडे नकोत. एक थर्मल, वर पातळ फ्लीस, जॅकेट-पँट तिथे मिळतं. थर्मल घरून घालून मेट्रोने येऊ नकोस, घामाने भिजतं आणि आत गेल्यावर तोच घाम गार पडतो. आत जाऊन बदल. ग्लोव्हज स्वतःचे आण, दुसऱ्याच्या ओल्या ग्लोव्हजमध्ये हात घालायला मला नाही आवडत. चष्म्यावर वाफ धरते, लेन्स असतील तर त्या.

डब्याचं वहिनीला आवर्जून सांग. अनारसे द्यायचे नाहीत! अनारशाला खसखस असते आणि यूएईत खसखस पूर्ण बंद आहे, एक दाणासुद्धा भानगड. मसाल्यातही तपासून घ्या. राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, चिवडा चालेल. तसंच गुडघ्यासाठी म्हणून कुठलीही पेनकिलर खिशात टाकू नकोस, ट्रामाडोल, कोडीनवाल्या गोळ्यांवर तिकडे कडक नियम आहेत, डॉक्टरची चिठ्ठी आणि परवानगीशिवाय नेता येत नाहीत. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना विंटर स्पोर्ट्स त्यात आहे का ते वाचून बघ, बऱ्याच पॉलिसींमध्ये ते वेगळं घ्यावं लागतं आणि एजंट आपणहून सांगत नाही. व्हिसा, पासपोर्ट तुला सांगायला नको. मुंबईचं विमान पकडायला कसाऱ्यात ट्रॅफिक धरून निघ.

एक छोटी वही ठेव, फोनमध्ये नको, फोनमधलं तू परत उघडत नाहीस. बुटाचा साइज, टाचेच्या बाजूला मिलिमीटरमध्ये छापलेली तळाची लांबी, स्की किती सेंटिमीटर, बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला अडकवतात त्या पकडीचा आकडा, आणि त्या दिवशी काय जमलं काय नाही, दोन ओळी, बूट काढल्या काढल्या. पुढच्या खेपेला त्याच वहीतून सुरुवात, नाहीतर दर वेळी पहिल्यापासून. माझ्या वहीत सलग चार ट्रिपांना 'उजवीकडे, डावा पाय' एवढंच लिहिलेलं आहे, पाचव्या वेळी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली.

आणि फेब्रुवारीत परत गुलमर्गला जाशील तेव्हा इथलं सगळं तसंच्या तसं चालेल असं धरू नकोस. तिथे 2,650 मीटरवर पाय ठेवल्याबरोबर धाप लागते, नाशिकची उंची सातशेच्या आत. ताजा बर्फ पडला की स्की आत बुडते, ढगात उतार आणि आभाळ एकच रंगाचं दिसतं, गॉगल लागतोच. पहिले दोन दिवस खालच्या सोप्या उतारांवर, गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यावर अफरवतला जायचं नावही काढू नकोस, वरचा सगळा भाग मोकळा डोंगर आहे, हिमकडे सुटतात, त्याचं वेगळं शिक्षण आणि वेगळं सामान लागतं.

आत्ता एक काम कर. पायाचं माप घे, सेंटिमीटरमध्ये, टाच भिंतीला लावून कागदावर उभं राहून, दोन्ही पायांचं, आणि संध्याकाळी शॉपमधून आल्यावर घे, सकाळी पाय बारीक भरतो. दोन्हीतलं मोठं कळव.