कुत्रं चावल्यावर पहिली 15 मिनिटं

खानापूर-निपाणीकडे शेतवाटेवर कुत्रं चावलं, की आधी पाणी गाठा. बोअरच्या धारेखाली साबण लावून जखम पूर्ण 15 मिनिटं धुवा. रेबीजच्या विषाणूला चरबीचं वेष्टण असतं. साबणानं ते फाटतं. चुना, मिरची अजिबात नको, जखम चिघळते. टाकेही लगेच नकोत.

त्याच दिवशी सरकारी दवाखाना. लशीनंतर पेशींना पुरेशी प्रतिपिंडं (विषाणूला रोखणारी प्रथिनं) बनवायला 7 ते 14 दिवस लागतात. तेवढ्यात विषाणू मज्जातंतूत शिरला, तर तो प्रतिपिंडांच्या हाती लागत नाही. म्हणून रक्त आलं असेल तर तयार प्रतिपिंडांचं सीरम जखमेतच टोचतात. ते आठवणीनं मागून घ्या. दंडातली लस 0 (पहिल्या सुईचा दिवस), 3, 7, 14 आणि 28व्या दिवशी. तिसऱ्या सुईपर्यंत जखम भरलेली दिसते, तिथंच थांबू नका.