जुना फोरट्रान नव्या कंपायलरवर नेण्याआधीची आगोट

मृगाआधी कोकणात आगोट करतात. कौलं परततात, लाकूडफाटा पडवीत येतो, मीठमिरची भरून ठेवतात. फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेतला जुना प्रोग्राम नव्या कंपायलरवर (कोड यंत्रभाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामवर) नेऊन ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करणारे बदल, चालू करायचं असेल, तर त्याचीही आगोट आधीच करावी. माझ्याकडे रत्नागिरीच्या किनाऱ्यासाठी भरतीच्या वेळा काढणारा, फोरट्रान ७७ मधला एक प्रोग्राम आला होता. ओ-झीरोवर (ऑप्टिमायझेशन बंद) उत्तरं बरोबर, ओ-टूवर (ऑप्टिमायझेशन चालू) चुकीची. त्यात महिना गेला. तो तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

पहिल्यांदा मूळ फाइलींची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवा आणि जुन्या मशीनवरचा छापील निकाल मिळवा. इथल्या दमट हवेत कागदाला आणि फ्लॉपीला बुरशी धरते, म्हणून सापडल्या दिवशीच स्कॅन करा. हा निकाल नसेल तर नवं उत्तर कशाशी ताडणार? माझ्याकडे निम्मीच पानं होती. बाकीच्यासाठी किनाऱ्यावरचा हिशोब वापरला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, म्हणजे चतुर्थीला साधारण तीन. तासाभराचा फरक धरला तरी ओ-टूने दाखवलेले नऊ बसेनात. नऊला तर ओहोटी असते. असा एखादा ढोबळ पण पक्का हिशोब तुमच्याही विषयात असतो, तो हाताशी ठेवा.

मग मूळ मशीन कोणतं होतं ते शोधा, कारण माझी चूक तिथेच होती. ते निघालं व्हॅक्स, एक जुना संगणक. व्हॅक्सवर सबरूटीनमधली (उपप्रोग्राममधली) स्थानिक व्हेरिएबल्स कायमच्या जागी राहत, म्हणून मागच्या कॉलमधली किंमत पुढच्या कॉलला आयती मिळे. भाषेचा नियम मात्र सांगतो की किंमत टिकवायची तर ‘सेव्ह’ लिहा. माझ्या प्रोग्रामात पहिल्या कॉलला काढलेले गुणक पुढे तसेच वापरले होते आणि ‘सेव्ह’ कुठेच नव्हतं. ओ-झीरोवर स्टॅकवरची (कॉलपुरत्या मेमरीतली) ती जागा कोणी पुसत नव्हतं, एवढ्यावर निभावत होतं. ओ-टूने व्हेरिएबल प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये नेलं आणि गुणक गेले. जीफोरट्रानला (जीसीसी या कंपायलर-संचातल्या फोरट्रान कंपायलरला) ‘एफ-नो-ऑटोमॅटिक’ हा पर्याय द्या, म्हणजे स्थानिक व्हेरिएबल्स कायमच्या जागी राहतात. उत्तर सुधारलं तर रोग हाच समजा. पण पर्याय देऊन थांबू नका, ‘सेव्ह’ घाला.

ओ-टू लावण्याआधी ओ-झीरोवर कंपायलरचे सगळे इशारे आणि चालताना तपासणी करणारा ‘एफ-चेक=ऑल’ लावून एकदा चालवा. रिअल व्हेरिएबल्स सुरुवातीला सिग्नलिंग नॅनने (‘ही संख्या नाही’ अशा, वापरताच बोंब मारणाऱ्या खुणेने) भरा आणि अवैध क्रियेवर प्रोग्राम थांबवणारा ‘इनव्हॅलिड’चा ट्रॅप लावा, म्हणजे किंमत न देता वापरलेलं व्हेरिएबल जागच्या जागी सापडतं. जुन्या कोडमध्ये सबरूटीनला आलेला अॅरे ‘ए(१)’ असा जाहीर करण्याची सवय होती. त्यावर तपासणी उगाच ओरडत राहील. तिथे एकाऐवजी तारा (*) लिहा. तसंही ते लिहायलाच हवं: अॅरेत एकच घटक आहे म्हणजे लूप एकदाच फिरणार, असं ऑप्टिमायझर धरू शकतो. जीसीसी ४.८ मध्ये हे सुरू झालं तेव्हा स्पेक या वेग मोजणाऱ्या चाचणीसंचातला ‘गेमेस’ हा फोरट्रान प्रोग्रामही अडखळला होता. ‘एफ-नो-अॅग्रेसिव्ह-लूप-ऑप्टिमायझेशन्स’ लावून संशय तेवढ्यापुरता पारखता येतो.

एकच व्हेरिएबल दोन आर्ग्युमेंट म्हणून दिलंय आणि आत त्यातलं एक बदलतंय, असे कॉल शोधा. भाषेत ते निषिद्ध आहे, आणि ऑप्टिमायझर त्याच भरवशावर काम करतो. स्थिरांक पाठवून आत त्याला नवी किंमत देणारे कॉलही बघा. जीसीसी १० पासून आर्ग्युमेंटचे प्रकार जुळले नाहीत तर थेट चूक दाखवतात. ती दडपणारा पर्याय आहे, पण आधी प्रत्येक ओळ वाचा.

एवढं करूनही फरक राहिला तर निम्म्या फाइली ओ-झीरोवर आणि निम्म्या ओ-टूवर कंपाइल करून लिंक करा. ज्या निम्म्या फाइली ओ-टूवर असताना बिघाड येतो त्यांचे पुन्हा दोन भाग पाडा. सोळा फाइलींतली एक दोषी असेल तर चार फेऱ्यांत सापडते.

शेवटच्या दशांशातला फरक मात्र बहुतेक वेळा दोष नसतो. बेरजेचा क्रम बदलला किंवा गुणाकार-बेरीज एकाच सूचनेत झाली तरी तो येतो. किती फरक चालेल ते चाचणीआधीच लिहून ठेवा. भरतीच्या उंचीला मी एक मिलिमीटर ठरवला. ‘फास्ट-मॅथ’ हा आकडेमोडीचे नियम सैल करणारा पर्याय या कामात लावूच नका, नॅन शोधणाऱ्या तपासण्या त्याने निकामी होऊ शकतात.

कंपायलरची मार्गदर्शिका उतरवून घ्या, पावसात लाइन आणि नेट दोन्ही जातात. आणि प्रत्येक निकालाच्या डोक्यावर कंपायलरची आवृत्ती आणि लावलेले सगळे पर्याय छापा. माझ्या उरलेल्या छापील पानांवर ते नव्हते, म्हणून व्हॅक्सपर्यंत पोचायलाच पंधरा दिवस लागले.