ओशनिक क्लिअरन्स नेमका कधी मागावा?

ऑनलाइन फ्लाइट सिम्युलेशनमध्ये पहिल्यांदा अटलांटिक ओलांडणारे बहुतेक एकाच जागी अडकतात. विमान समुद्राच्या तोंडाशी येतं आणि ओशनिक क्लिअरन्स (ठरलेल्या मार्गाने, उंचीने आणि वेगाने समुद्र ओलांडायची परवानगी) अजून मागितलेलाच नसतो. कसा मागायचा हे वाचलेलं असतं, कधी मागायचा तिथे घोळ होतो. वेळ टेकऑफपासून मोजली की चुकते. ती मोजायची समुद्रात शिरण्याच्या बिंदूपासून, उलटी. आमच्या रत्नागिरीकडच्या खाड्यांमध्ये होडीवाले हेच करतात. मुखावरच्या वाळूवर पुरेसं पाणी कधी चढेल ते आधी बघतात, मग घरातून निघायची वेळ ठरवतात.

भर समुद्रावर किनाऱ्यावरचं रडार पोचत नाही. त्यामुळे कुठलं विमान कोणत्या बिंदूवर किती वाजता, किती उंचीवर आणि कुठल्या मॅक नंबरने (ध्वनीच्या वेगाच्या पटीत मोजलेला वेग) जाणार, या आधी कळवलेल्या माहितीवरच विमानांमधलं अंतर राखण्याची पद्धत उभी राहिली. शॅनविक हे नियंत्रण केंद्र (शॅनन आणि प्रेस्टविक मिळून झालेलं नाव) पूर्वेकडचा भाग सांभाळतं, कॅनडातलं गँडर पश्चिमेकडचा. दोघांची हद्द साधारण 30 अंश पश्चिम रेखांशावर आहे. तुम्ही जिथून समुद्रात शिरता, त्या केंद्राकडे क्लिअरन्स मागायचा.

आता प्रत्यक्ष हिशेब. लंडनहून न्यूयॉर्कला निघालात आणि प्रवेशबिंदू लिमरी आहे (52 उत्तर, 15 पश्चिम) असं धरा. टेकऑफ 1300 झुलूला (झुलू म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, UTC). लिमरीपर्यंत सुमारे एक तास वीस मिनिटं लागतात, म्हणजे तिथे 1420 च्या आसपास. शॅनविकसाठी विनंतीची खिडकी प्रवेशबिंदूच्या 90 ते 30 मिनिटं आधीची, म्हणजे 1250 ते 1350. मी क्रूझ उंचीला पोचलो, विमान स्थिरावलं की लगेच, साधारण 1330 ला मागतो. तोवर एफएमसीच्या (मार्ग आणि वेळ मोजणारा विमानातला संगणक) प्रोग्रेस पानावरची वेळही भरवशाची झालेली असते. तीच वेळ द्या, फ्लाइट प्लॅनमधली जुनी नको. डब्लिन किंवा शॅननहून निघत असाल तर समुद्र इतका जवळ असतो की टेकऑफच्या आधी, जमिनीवर असतानाच मागायला हवा. अमेरिकेच्या बाजूने येताना, गँडरसाठी 90 ते 60 मिनिटं आधी. उत्तरेकडे आइसलँडच्या रेक्याविक केंद्राची खिडकी मात्र 45 ते 15 मिनिटांची, तिथे फार लवकर मागून उपयोग नाही.

विनंतीत पाच गोष्टी हव्यात: कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव), प्रवेशबिंदू आणि तिथली वेळ, हवी असलेली फ्लाइट लेव्हल (शेकडा फुटांत सांगितलेली उंची), मॅक नंबर, आणि ट्रॅक (त्या दिवसासाठी आखलेला समुद्रावरचा ठरावीक मार्ग) किंवा स्वतःचा मार्ग. उदाहरणार्थ, 'लिमरी अ‍ॅट वन फोर टू झिरो, फ्लाइट लेव्हल थ्री फाइव्ह झिरो, मॅक डेसिमल एट टू'. व्हॅटसिम या ऑनलाइन नेटवर्कवर हीच माहिती नॅटट्रॅक साइटवर भरता येते. प्रत्यक्ष विमानवाहतुकीत 2024 मध्ये असा वेगळा क्लिअरन्स देणं बंद झालं, आता वैमानिक फक्त विनंतीचा संदेश पाठवतात. म्हणून उड्डाणाआधी तुमच्या नेटवर्कची त्या दिवशीची पद्धत वाचूनच घ्या.

क्लिअरन्समध्ये मिळालेली उंची समुद्रासाठी असते. तो मिळाला म्हणून तिथल्या तिथे चढायला लागू नका. चढायचं असेल तर ज्या रडार कंट्रोलरशी बोलताय त्याच्याकडे परवानगी मागा आणि प्रवेशबिंदूआधी त्या लेव्हलला पोचा. तिथली वेळ 3 मिनिटं किंवा जास्त सरकली तर लगेच कळवा. खिडकी निघून जातेय आणि उत्तर आलं नाही, तर गप्प राहून पुढे जाऊ नका, रडार कंट्रोलरला सांगा. ओशनिक कंट्रोलरच ऑनलाइन नसेल तर क्लिअरन्सचा प्रश्न येत नाही, प्लॅनप्रमाणे उडा.

आपल्या वेळेचं गणित फार सोयीचं आहे. पश्चिमेकडे जाणारे ट्रॅक 30 पश्चिमवर 1130 ते 1900 झुलू लागू असतात. साडेपाच तास मिळवले की संध्याकाळी 5 ते रात्री साडेबारा. वरच्या उदाहरणातलं 1330 म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे 7, दिवेलागणीची वेळ. पण विनंतीत भारतीय वेळ चुकूनही लिहू नका. मी टेबलावर एक घड्याळ झुलूवरच लावून ठेवलं आहे.

कोकणातल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. जुलैत एकदा लिमरीच्या वीस मिनिटं आधी वीज गेली. लॅपटॉप चालू राहिला, राउटर बंद पडला. जोडणी परत आली तेव्हा क्लिअरन्स वहीत लिहिलेला होता, म्हणून कंट्रोलरला एका दमात वाचून दाखवता आला: बिंदू, वेळ, लेव्हल, मॅक. तेव्हापासून राउटर इन्व्हर्टरवर आहे आणि वही कीबोर्डच्या शेजारी.