आल्सासची निवांत सहल: या चुका टाळा

फ्रान्सच्या पूर्व टोकाला, मार्लेनहाइम ते थान असा आल्सासचा वाइन रूट, म्हणजे द्राक्षमळ्यांच्या गावांमधून जाणारा रस्ता आहे. 1953 मध्ये सुरू झालेला, लांबी सुमारे 170 किलोमीटर. गाडी असेल तर एका दिवसात उरकतो, आणि पहिली चूक तिथेच होते. दिवसात सात-आठ गावं केलेल्याला संध्याकाळी स्वतःचेच फोटो ओळखता येत नाहीत. लाकडी चौकटींची रंगीत घरं, खिडकीत फुलं, छपरावर करकोच्याचं घरटं, सगळीकडे तेच.

त्यापेक्षा याच भागातल्या कोल्मार शहरात तीन-चार रात्री एकाच खोलीत राहा. स्ट्रासबूर्गहून रेल्वेने जेमतेम अर्धा तास. रोज हॉटेल बदललं की सकाळ बॅगा भरण्यात जाते, आणि दगडी फरसबंदीवरून चाकांची बॅग ओढणं ही शिक्षाच. रिकविर आणि एगिसहाइम या गावांना मात्र रेल्वे नाही. बस आहे, पण ती रविवारी मिळेलच असं धरून चालू नका. जाण्याआधी परतीची शेवटची बस बघा. एगिसहाइमची चुकली तरी घाबरायचं कारण नाही, कोल्मार तिथून सहा-सात किलोमीटरवर आहे.

पोटाचा प्रश्न दुपारी दोनला उभा राहतो. जेवण बारा ते दोन. नंतर स्वयंपाकघर बंद, ते संध्याकाळी सातच्या सुमारास उघडतं. उशीर झालाच तर बेकरी गाठा. शाकाहारी मंडळींनी पिझ्झासारखा दिसणारा फ्लामकुख डोळे झाकून मागवू नये, त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. ‘सां लार्दों’ (मांसाच्या तुकड्यांशिवाय) म्हणा, म्हणजे कांदा आणि क्रीमवाला मिळेल. बऱ्याच ठिकाणी फ्लामकुख फक्त रात्रीच करतात.

वाइन चाखण्यातली चूक क्रमाची. अनेक जण गुलाबाच्या वासाच्या गेवुर्झट्रामिनरपासून सुरुवात करतात आणि मग रीसलिंग आंबट लागते म्हणून नाक मुरडतात. दोष रीसलिंगचा नाही. कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली रीसलिंग आधी, गोडसर वाइन शेवटी. घोट थुंकायला भांडं ठेवलेलं असतं; ते वापरण्यात कसला कमीपणा? गाडी चालवणाऱ्याने तर वापरावंच, कारण फ्रान्समध्ये मर्यादा लिटरभर रक्तात 0.5 ग्रॅम अल्कोहोलची आहे. छोटा वाइन उत्पादक बहुधा चाखायला देतो तिथेच राहतो, त्यामुळे ऐन जेवणाच्या वेळी बेल वाजवू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षांची तोडणी चालू असते, तेव्हा आधी फोन करून जा.

रिकविर बघून झालं की लगेच बस पकडू नका. द्राक्षमळ्यांतून हुनाविरपर्यंत पायी जा, तासाभराच्या आतली वाट आहे. मळ्यांच्या मधोमध तटबंदीचं चर्च लागतं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोघांचीही प्रार्थना तिथे होते. याच पट्ट्यातलं बेनविर ‘देखणं नाही’ म्हणून लोक टाळतात. डिसेंबर 1944 च्या लढाईत ते जवळजवळ जमीनदोस्त झालं आणि युद्धानंतर नव्याने बांधलं. नव्या चर्चच्या रंगीत काचा बघायला तरी थांबाच. शेजारची गावं किती नशिबाने वाचली, ते तिथे कळतं.

आणि खरेदी? भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंतच दारू शुल्काशिवाय आणता येते. म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या. आल्सासची बाटली उंच आणि निमुळती असते. चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधोमध आडवी ठेवा.