रानडुकरांचा बंदोबस्त करताना या चुका टाळा

गणपती आटोपले आणि भात पोटरीवर आले, की दरवर्षी मला एकाच प्रश्नाचे फोन येऊ लागतात : ‘डुकरांना काय घालू?’ या प्रश्नातील ‘घालू’ हे क्रियापदच मला खटकते, कारण विचारणाऱ्याने मारायचे कधीच ठरवलेले असते आणि माझ्याकडून त्याला फक्त वस्तूचे नाव हवे असते. कुडाळ तालुक्यात माझी साडेचार एकर शेती आहे. एका कळपाने एका रात्रीत लोळवलेले भात, नांगर फिरवल्यासारखे उलथलेले रताळ्यांचे वाफे आणि मुळासकट उपटलेली सुपारीची दोन वर्षांची रोपे मी स्वतःच्या शेतात पाहिली आहेत. त्यामुळे डुक्कर जगावे म्हणून शेतकऱ्याने नुकसान सोसत बसावे, असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही. मात्र बंदोबस्ताच्या नावाखाली जे काही चालते, त्यातील निम्म्याहून अधिक प्रकार नुकसानही थांबवत नाहीत आणि माणुसकीतही बसत नाहीत. माझी कसोटी साधी आहे : उपाय जनावराला मागे फिरू देतो की धरून ठेवतो, आणि धरून ठेवत असेल तर त्या वेळी तिथे माणूस हजर असतो का?

फासकी लावून घरी जाणे

या चुकीवर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण ती मी स्वतः केलेली आहे. मोटारसायकलची जुनी क्लच वायर घ्यायची, तिचा सरकफास करायचा, डुकरांच्या वाटेवर गुडघ्याच्या उंचीवर तो टांगायचा आणि दुसरे टोक झाडाला बांधायचे. खर्च जवळजवळ शून्य आणि मेहनत दहा मिनिटांची असल्यामुळे हा उपाय लोकांना इतका प्रिय आहे.

वीस वर्षांपूर्वी मी बांधावरच्या काजूला अशी एक वायर बांधली आणि दुसऱ्याच दिवशी भाच्याच्या मुंजीसाठी ठाण्याला गेलो. दोन दिवसांत परतायचे होते, पण पाहुणचारात चार दिवस गेले. परत आलो, तेव्हा त्या काजूभोवतीची जमीन दोरी धरून आखल्यासारखी गोल खरवडलेली होती. वायर जितकी लांब होती, तितकेच ते वर्तुळ होते. बुंध्याची साल जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत चावून सोललेली होती. त्या वर्तुळाच्या मधोमध शेजारच्या वाडीतील एका काकींचा तांबूस कुत्रा पडला होता. वायर कमरेत इतकी रुतली होती की केसांखाली ती दिसतही नव्हती, आणि तो अजून जिवंत होता. पक्कड आणून वायर तोडेपर्यंत त्याने एकदाही आवाज केला नाही. दुपारपर्यंत तो गेला. काकी दोन संध्याकाळी त्याला हाका मारत माझ्या बांधापर्यंत येऊन गेल्या होत्या, हे मला नंतर समजले. ‘वायर कोणाची रे?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा ‘माहीत नाही’ असे मी म्हणालो. ते खोटे आहे हे त्यांना तेव्हाच कळले असावे, कारण त्यांनी तो प्रश्न मला पुन्हा कधीच विचारला नाही.

त्या हंगामात माझ्या फासकीत डुक्कर एकही सापडले नाही. सरकफासाला कोण आले हे कळत नाही. डुकराच्या वाटेनेच बिबट्या, कोल्हा, साळिंदर, भेकर आणि गावचा कुत्रा जातो. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत फासकीत अडकलेल्या बिबट्यांच्या बातम्या काही नवीन नाहीत. जनावर जितके ओढते तितका फास आवळतो, आणि आवळलेल्या भागाचा रक्तपुरवठा बराच वेळ तुटला असेल, तर वायर तोडून सोडलेले जनावरही काही दिवसांनी मरू शकते. ‘मी डुकरासाठी लावली होती’ हा बचाव कायद्यातही टिकत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीच्या व्याख्येत फासात धरणे आणि तसा प्रयत्न करणे हे दोन्ही येते. म्हणजे रिकामी फासकीसुद्धा गुन्ह्यात मोडू शकते.

तेव्हापासून पावसाळा ओसरताना पक्कड घेऊन सगळे बांध आणि कुंपणातील खिंडारे मी एकदा चालून काढतो. वायर कोणाची आहे हे विचारत बसत नाही, तोडतो आणि पिशवीत टाकतो. यावरून दोघांशी माझे बोलणे बंद झाले आहे आणि त्याचे मला फारसे दुःख नाही.

झटका मशीन चालत नाही म्हणून थेट लाइन जोडणे

दुसरी चूक अधीरपणातून होते. सौर बॅटरीवरचे झटका मशीन तारेत काही हजार व्होल्टचा ठोका सोडते खरे, पण तो ठोका सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरता असतो आणि साधारण दर सेकंदाला एकदाच येतो. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात स्नायू मोकळे होतात, त्यामुळे जनावर दचकून मागे पळते. घरातला २३० व्होल्टचा प्रवाह अखंड असतो; तो स्नायू आखडून धरतो आणि तारेला लागलेला हात किंवा डुकराची सोंड म्हणजे नाकाडाचे टोक सुटतच नाही. ज्यांना हा फरक माहीत नसतो ते ‘व्होल्ट कमीच आहेत की’ असे म्हणून आकडा टाकतात, आणि सकाळी पाण्याची पाळी घ्यायला निघालेला त्यांचाच भाऊ त्या तारेवर सापडतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरात २०१७ च्या एप्रिलमध्ये ‘जय’ या प्रसिद्ध वाघाचा वंशज ‘श्रीनिवास’ शेताच्या कुंपणातील अशाच प्रवाहाने मेला आणि पुरलेला सापडला. ती तारही वाघासाठी लावलेली नव्हती.

टाळेबंदीत मुंबईहून गावी येऊन राहिलेल्या एका तरुणाने झटका मशीन लावले आणि चौथ्याच दिवशी मला त्याचा फोन आला होता : ‘काका, मशीन म्हणजे निव्वळ फसवणूक आहे. डुकरे तारेखालून आरामात जातात. त्यापेक्षा लाइनच जोडतो.’ मी त्याला संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितले आणि टेस्टर घेऊन गेलो. मशीन उत्तम होते. अर्थिंगची सळई मात्र त्याने विहिरीच्या कामातून निघालेल्या चिऱ्यांच्या कपच्यांच्या ढिगात खोचली होती, कारण तिथे ती सहज उभी राहत होती. झटका तारेतून जनावरात, जनावरातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या वाटेने मशीनकडे परत आला, तरच बसतो. सुक्या दगडांच्या ढिगातून तो परत येणार कसा? आमच्याकडच्या जांभ्या कातळावर पाऊस गेल्यानंतर ही अडचण हमखास येते. आम्ही व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठच्या ओल्या मातीत तीन जस्ती पाइप अंतराअंतरावर खोल ठोकून एकमेकांना जोडले. त्याची सर्वांत खालची तार गुडघ्याइतकी उंच होती. ती वीतभर उंचीवर आणली आणि दुसरी हातभर उंचीवर बांधली, कारण डुक्कर सोंड जमिनीलगत ठेवून चालते आणि पहिला झटका त्याला सोंडेवरच बसायला हवा. ओल्या सोंडेवर बसलेला झटका ते विसरत नाही. पाठीच्या राठ केसांवरून तार घासून गेली, तर त्याला काहीच कळत नाही.

ओलसर जागा जवळ नसेल, तर कुंपणाबरोबर एक तार अर्थिंगची म्हणून फिरवावी, म्हणजे दोन्ही तारांना एकदम शिवलेल्या जनावराला कोरड्या जमिनीतही झटका बसतो. तारेखालचे गवत दर आठवड्याला कापावे. ओले गवत तारेला टेकले, की अर्धा झटका गवतच पिऊन टाकते. मशीन पीक पिकल्यावर लावू नये आणि तार ओढून चार दिवस बंद ठेवू नये, कारण त्या चार दिवसांत डुक्कर तारेला शिवून ती निरुपद्रवी आहे हे शिकते, आणि शिकलेले डुक्कर पुढे झटका खाऊनही आत घुसते. हे सगळे मशीनबरोबर आलेल्या कागदावर लिहिलेले असते. तो कागद वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

गावठी बॉम्ब

पिठाच्या किंवा चरबीच्या गोळ्यात स्फोटक भरून वाटेवर ठेवण्याच्या या प्रकाराला मी चूक म्हणत नाही, तो सरळ क्रूरपणा आहे. गोळा फुटतो तो तोंडात. जबडा उडालेले डुक्कर तिथेच मरत नाही. ते रानात शिरते आणि खाता-पिता येत नसल्यामुळे मरायला त्याला कित्येक दिवस लागतात. केरळात पालक्काड जिल्ह्यात २०२० च्या मे महिन्यात एक गाभण हत्तीण स्फोटक भरलेले फळ चावून नदीच्या पाण्यात उभ्याने मेली, तेव्हा सगळा देश हळहळला होता. तसेच मरणारी डुकरे मात्र कोणी मोजत नाही. त्याच केरळने २०२२ मध्ये उपद्रवी डुकरांना गोळी घालण्याची परवानगी देण्याचे अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे सोपवले, पण विष, स्फोटके आणि वीज यांना तेव्हाही मनाई ठेवली.

विष

फोरेट या जहाल कीटकनाशकावर देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, तरी जुन्या डब्यांतून ते अजून बाहेर निघते. विष घातलेले आमिष कोण खाईल हे घालणाऱ्याला ठरवता येत नाही, आणि मेलेल्याला जे खाते तेही मरते. अमेरिकेत कोयोट नावाच्या कोल्ह्यासारख्या प्राण्यासाठी सरकारी खाते जमिनीत सायनाइडची नळकांडी पुरत असे. आयडाहो राज्यातील पोकाटेलो गावाजवळ २०१७ च्या मार्चमध्ये एका मुलाचा हात अशा नळकांड्याला लागला, त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा कुत्रा मेला आणि मुलालाही विषबाधा झाली. पगारी, प्रशिक्षित माणसांच्या हातून हे होते, तर रात्री बॅटरीच्या उजेडात फोरेट कालवणाऱ्याने स्वतःवर कितपत भरवसा ठेवावा?

शेतीसंरक्षणाच्या बंदुकीला परवानगी समजणे

आमच्या जिल्ह्यात शेतीसंरक्षणासाठी घेतलेल्या परवान्याच्या बंदुका अनेक घरांत आहेत आणि तो परवाना म्हणजेच डुक्कर मारण्याची मुभा, असा समज त्याहून अधिक घरांत आहे. परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या वन्यजीव अधिनियमाच्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर त्यातील संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, आणि उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ नुसार अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेऊनच त्याला मारता येते.

परवानगी मिळाली, तरी काम संपत नाही. ठासणीच्या बंदुकीत छर्रे भरून चाळीस पावलांवरून अंधारात बार काढणे म्हणजे डुक्कर जखमी करून शेजाऱ्याच्या अंगावर सोडणे होय. ज्याला जखमी जनावराचा माग काढून ते संपवण्याची तयारी नाही, त्याने बंदूक उचलू नये. पिले असलेली मादीही मारू नये. मागे राहिलेली चार-सहा पिले बांधाआड भुकेने मरतात आणि तो आवाज ऐकलेला माणूस पुढच्या खेपेला आपसूक सावध होतो. नेमबाज माणूस हजर असेल, तर गोळी ही फासकीपेक्षा कितीतरी दयाळू आहे, असे माझे मत आहे आणि प्राणिप्रेमी मंडळींना ते आवडत नाही. शेतकऱ्यांना न आवडणारे मतही सांगून टाकतो : बऱ्याच ठिकाणी ‘बंदोबस्त’ हा शब्द मटणासाठी वापरला जातो. कलम ३९ नुसार मारलेले डुक्कर सरकारी मालमत्ता ठरते. ते वन खात्याच्या ताब्यात द्यावे लागेल एवढे नुसते सांगितले, की रात्री हाक्याला जमलेल्या पंधरा जणांपैकी तीनच उरतात, हे मी पाहिले आहे.

किरकोळ चुका

काजूचे बोंडू आणि पडलेले फणस बागेत कुजत ठेवायचे आणि मग डुकरे येतात म्हणून ओरडायचे, हे थांबवावे; आमंत्रण आपणच दिलेले असते. न्हाव्याकडचे केस, रंगीत साड्या आणि ठरावीक वेळी वाजणारा भोंगा यांनी कोणाला इजा होत नाही, पण आठवडाभरात डुकरे त्यांना सरावतात; जागा आणि वेळ बदलत राहण्याची चिकाटी असेल तरच त्यांच्या नादी लागावे. डुकरे पकडून दुसऱ्या गावाच्या रानात सोडण्याचा सल्ला देणाऱ्याने आधी त्या गावच्या शेतकऱ्याला विचारून यावे.

नुकसान झाल्यावर वाफे सरळ करून मग पंचनाम्यासाठी अर्ज करणारे लोकही दरवर्षी भेटतात. आधी फोटो काढावेत, पायांचे ठसे आणि उकरलेली जमीन तशीच राहू द्यावी, आणि अर्ज त्याच दिवशी द्यावा. भरपाई तुटपुंजी असते आणि हेलपाटे फार पडतात हे खरे आहे. तरीही माझ्या वहीत गेल्या पाच वर्षांच्या अर्जांची नोंद आहे, आणि सौर कुंपणाच्या अनुदानासाठी गेलो तेव्हा नुकसान खरोखर होते हे मला पुन्हा सिद्ध करावे लागले नाही.

संध्याकाळी साडेपाचला टेस्टर घेऊन मी कुंपणाला एक फेरी मारतो. पंधरा मिनिटे लागतात. गेल्या हंगामात दोनदा तार तुटलेली मिळाली आणि एकदा इन्सुलेटरवर गोगलगाय बसल्यामुळे झटका जमिनीत उतरत होता.